आईला गोळी नको, धाकट्याला जेवण नको

ओसरी (शनिवार, रात्री १०:४०)

चार दिवस माहेरी डोंबिवलीला आले आहे. घरात दोन टोकं आहेत आणि मधे मी. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

टोक पहिलं, आई. वय ६९, जन्माची शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा नाही. परवा देवळातून आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी जिन्यात निसटली होती आणि तिला पत्ताच नाही. विचारल्यावर म्हणते, "तळवे बधिर असतात गं हल्ली. मुंग्या येतात. वय झालं." हट्टाने रक्त तपासून आणलं. बी१२ निघालं १२६, कागदावर खालची मर्यादा २०० छापलेली. व्हिटॅमिन डी १४, तेही कमीच. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या देवघराच्या खणात जशाच्या तशा पडून आहेत. तिचं पालुपद एकच: "दूध पिते, ताक पिते, पालेभाजी रोज असते. नीट जेवणाऱ्याला गोळी कशाला? तुझी आजी ९१ वर्षं जगली, तिने कुठे जीवनसत्त्वं मोजली?"

टोक दुसरं, धाकटा भाऊ. वय ३६. त्याच्या कपाटातल्या बाटल्या काल दुपारी मी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. एकूण नऊ. मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, केसांसाठी बायोटिन, सी १०००, ई ४००, झिंक, माशाचं तेल, डीची रोजची २००० युनिटची गोळी आणि वर दर रविवारी डीचंच ६०,०००चं सॅशे. झिंक तीन बाटल्यांत, बी६ तीन बाटल्यांत. हा सकाळी मूठभर गोळ्या तोंडात टाकतो, वर शेक पितो आणि ७:५२ची लोकल गाठतो. आईने केलेली मेथीची भाजी "उद्या खातो" म्हणून फ्रीजमधे जाते आणि तिसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींकडे.

आईचं खाणं चांगलं असूनही असं का झालं? आणि नऊमधल्या किती बाटल्या मी निर्धास्तपणे माळ्यावर टाकू?


तिखटमीठ (शनिवार, रात्री ११:०५)

तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार कळवा. शंभर टक्के बरोबर बोलल्या.

माझं वय ६३, गळ्यात माळ, गाव पंढरपूरच्या अलीकडे. ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ, ताक, मूठभर शेंगदाणे. गोळी शून्य. हा सगळा कंपन्यांचा खेळ आहे. आधी तपासणीचं पॅकेज फुकट, मग आकड्याखाली लाल रेघ, मग गोळी. हिवाळ्यात अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, आवळा, तीळ खा आणि सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसा. आकडा आपोआप वर येईल.


निनाद_के (शनिवार, रात्री ११:३०)

काका, आदर आहे, पण आताच्या भाज्यांत तो कस राहिलाय का? आणि बारा तास घराबाहेर असणारा माणूस अळिवाचे लाडू कधी वळणार? मी स्वतः सहा गोळ्या घेतो, मस्त वाटतं. जास्तीचं लघवीतून निघून जातं. नुकसान काय?


सूक्ष्मदर्शी (रविवार, सकाळी ७:१५)

ओसरीताई, मी पॅथॉलॉजीत आहे, कोल्हापूरला. असे रिपोर्ट रोज सहीला येतात, त्यामुळे १२६ बघून दचकलो नाही. चप्पल निसटल्याचं वाचून मात्र दचकलो. पायातून चप्पल गेलेली न कळणं हे मज्जातंतूंचं लक्षण आहे. ते वयावर ढकलू नका आणि लाडवांवरही सोडू नका.

बी१२ झाडं बनवत नाहीत, गायही बनवत नाही. गाईच्या पोटातले जिवाणू बनवतात आणि ते दुधामांसात उतरतं. म्हणून पालेभाजी, कडधान्यं, सुकामेवा इतर बाबतीत कितीही गुणी असले तरी बी१२च्या खात्यात भोपळा. स्पिरुलिना नावाच्या शेवाळात असतं ते बहुतांशी त्याचं तोतया भावंड, शरीराला न वापरता येणारं. इडलीच्या आंबलेल्या पिठावरही भिस्त ठेवू नका. शाकाहारी माणसाच्या हाती उरतं दूध, दही, पनीर. कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि दिवसाची गरज दोन-सव्वादोन. कागदावर दोन कप दूध आणि वाटीभर घट्ट दही यांत भागतं. आता आई दूध नेमकं किती घेतात ते मापाने बघा. बऱ्याच घरांत "दूध पिते" याचा अर्थ दोन चहांतलं मिळून अर्धा कप असा असतो.

त्यापुढची अडचण पोटात आहे. अन्नातलं बी१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठरातूनच पाझरणारा एक वाहक त्याला धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या टोकाला पोचवतो, तिथे ते शोषलं जातं. उतारवयात बऱ्याच जणांचं आम्ल कमी पडतं. मग दूध प्यालं तरी त्यातलं बी१२ सुटत नाही. गोळीतलं बी१२ आधीच मोकळं असतं, आणि मात्रा मोठी असेल तर त्यातला एखादा टक्का वाहकाशिवायही झिरपतो. म्हणून तर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९८ मध्येच सांगितलं की पन्नाशीपुढच्यांनी बी१२ मुख्यतः गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावं. नीट जेवणाऱ्यांनीही.

दोन प्रश्न. आईंना मधुमेह आहे का, मेटफॉर्मिन चालू आहे का? आणि पित्ताची रोजची गोळी?


ओसरी (रविवार, सकाळी ९:५०)

दोन्ही! मेटफॉर्मिन नऊ वर्षं. पित्ताची गोळी रोज उठल्याबरोबर, कुणी बंद करा म्हटलं नाही म्हणून चालूच.

आणि दूध मापलं. चहात पाव कप, दोनदा. ताक म्हणजे चार चमचे दही आणि तांब्याभर पाणी. मला हसावं की रडावं कळेना.


सूक्ष्मदर्शी (रविवार, सकाळी १०:२०)

मग कोडं सुटलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, आणि पित्ताची गोळी आम्लच दाबते. औषध मनाने बंद करू नका, पण हा रिपोर्ट त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि पित्ताची गोळी अजून लागते का ते विचारा. मुंग्या आहेत म्हटल्यावर कदाचित इंजेक्शनने सुरुवात करतील. आजींचं म्हणाल तर त्यांच्या हाती कदाचित घरच्या म्हशीचं दूध होतं आणि मेटफॉर्मिन नव्हतं.

तेवढ्यात कुणी "रक्त कमी आहे" म्हणून आईंना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड देत असेल तर थांबवा. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि सगळं ठीक वाटतं, आत मज्जातंतू बिघडतच राहतात.

ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी१२ कमी होतं. फोलेट बहुतेकींचं ठीक, कारण भाजी-डाळ रोजची. २००८ मध्ये त्यांनी छापलं की ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. खेड्यातलं घरचं अन्न होतं ते, बाहेरचं काही नव्हे. एका गोष्टीची ददात असली की बाकीचं ताट कितीही भरलेलं असो.


तिखटमीठ (रविवार, सकाळी ११:००)

डॉक्टरसाहेब, माहितीपूर्ण. पण हे अपवादाचं झालं. साध्या निरोगी माणसाला भाकरी-भाजीत सगळं मिळतं, पिढ्यान्‌पिढ्या मिळालं.


काउंटरपलीकडे (रविवार, दुपारी २:१०)

नाशिकला माझं औषधाचं दुकान आहे, तेव्हा मी "कंपन्यांच्या खेळा"तला प्यादा. तरी सांगतो.

डीच्या सॅशेवरून. आमच्याकडचे एक आजोबा, चिठ्ठीवर "आठवड्यातून एक, आठ आठवडे" असं लिहिलेलं. त्यांनी वाचलं "रोज एक". छान लागतं म्हणून दुधात घालून पिऊन टाकायचे. दुसरीकडूनही आणत होते, म्हणून मला कळलं नाही. महिना-सव्वामहिन्याने मुलगा सांगत आला, उलट्या, बद्धकोष्ठ, बोलण्यात गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं. दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हापासून मी सॅशेच्या पाकिटावर मार्करने वार लिहून देतो.

निनाद, "जास्तीचं लघवीतून जातं" हे बी गटाचं आणि सीचं, तेही एका हद्दीपर्यंत. ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि साठतात. रोज २००० आणि वर आठवड्याला ६०,००० म्हणजे ओसरीताईंच्या भावाला दिवसाला साडेदहा हजार युनिट पडतात. हिशेब करा.

अजून एक. बाटली उलटी करून बघा. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते कायद्याने अन्न आहे, औषध नाही, आणि "औषधी वापरासाठी नाही" असंही त्यावर छापावं लागतं. गिऱ्हाईक मात्र औषध समजूनच नेतं. मी विकतो, खोटं कशाला बोलू, त्यावर नफा सुटतो जास्त.


निनाद_के (रविवार, दुपारी २:२५)

साडेदहा हजार हे लक्षात नव्हतं आलं. माझं सॅशे नाहीये. बघतो बाटल्या.


उकडा_तांदूळ (रविवार, दुपारी ३:४०)

कुडाळहून. जेवून उठलो आणि धागा वाचला.

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज हा गरिबाचा नाश्ता म्हणून शहरातले लोक नाक मुरडतात. पण भात टरफलासकट भिजवून वाफवला की कोंड्याजवळचं बी१, म्हणजे थायमिन, दाण्याच्या आत शिरतं. मग गिरणीत कांडलं, धुतलं तरी बरंचसं टिकतं. सुरय, म्हणजे न उकडलेला पांढराशुभ्र तांदूळ, पॉलिश झाला की ते कोंड्याबरोबर गुरांच्या आंबोणात. आंध्रच्या किनाऱ्यावर असा पांढरा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी, म्हणजे बी१च्या कमतरतेचा रोग, असायचा, उकडा खाणारे त्यातून वाचायचे. आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला एका खोलीत सुरू झाली तीच मुळी बेरीबेरीच्या तपासासाठी.

म्हणजे आमच्या आजीने गोळी न खाता गोळीचं काम केलं. आणि पेजेबरोबर सुका बांगडा भाजून. तिखटमीठकाका, बी१२ त्यात भरपूर हो!


तिखटमीठ (रविवार, दुपारी ३:५५)

माळ दिसली नाही का वर? बांगड्याचं नाव काढू नका एकादशीच्या तोंडावर.

बाकी पेजेचं पटलं. मी तरी काय वेगळं म्हणतोय?


रानमेथी (रविवार, रात्री ९:१५)

तिखटमीठकाका, जरा थांबा. मी जव्हार भागात आरोग्य खात्याच्या कामात अकरा वर्षं आहे. तुमचं "पिढ्यान्‌पिढ्या मिळालं" ऐकलं की मला शाळेतल्या पोरी आठवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालं नाही, हे त्यातून दिसतं.

आमच्याकडे सोमवारी निळी गोळी असते. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आठवड्यातून एकदा, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना. पोरींना रांगेत उभं करून, पाणी देऊन, समोर गिळायला लावायची. नाहीतर शाळेमागच्या गवतात निळे ठिपके सापडतात. मी स्वतः वेचलेत. शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात, मळमळतं म्हणून टाळतात. उपाशीपोटी आलेल्या पोरीला दिली तर मळमळणारच, म्हणून आम्ही खिचडी झाल्यावरच डबा उघडतो. गोळीच्या आधी जेवण लागतं ते असं.

खाण्यातून का नाही भागत? नाचणी, हरभऱ्याचा पाला, माठ यांतलं लोह हट्टी असतं, थोडंच शोषलं जातं. त्यावर लिंबू पिळलं, आवळा खाल्ला की वाढतं. वर लगेच चहा घेतला की घटतं. पोह्यांवर लिंबाची फोड ठेवणारी बाई शहाणी, आणि त्याच बशीशेजारी चहाचा कप ठेवणारीही तीच! मी बायकांना एवढंच सांगते की चहा तासाभराने घ्या. ते मात्र कुणी ऐकत नाही.

गरोदर बाईला तर ताटातून पुरवणं अवघडच. लाल गोळी १८० दिवस. आणि दिवस राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष खूप कमी होतात, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने इतकं स्पष्ट दाखवलं की त्यावर वाद उरला नाही. कण्याची नळी बंद होते पहिल्या महिन्याभरात, बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेलेत हेही माहीत नसतं.


सूक्ष्मदर्शी (रविवार, रात्री १०:००)

+१ रानमेथी. गवतातल्या निळ्या ठिपक्यांसाठी खास.

तिखटमीठसाहेब, ज्वारीवरूनच एक. दख्खनात निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसायचा. उन्हाला उघडी असलेली कातडी काळी पडून सोलते, जुलाब, डोकं भ्रमतं. नायसिनच्या, म्हणजे बी३च्या, कमतरतेचा हा रोग जगभर मक्याशी जोडला जायचा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्र्याबद्दल लिहिलं. भाकरी वाईट नाही. भाकरीशेजारी काहीच नसणं वाईट. तुमच्या ताटात उसळ, शेंगदाणे, ताक आहे म्हणून तुम्हाला ते भेटलं नाही.

आणि कोवळ्या उन्हाचं. फार गोड शब्द, पण त्या उन्हात डी बनवणारे किरण जवळजवळ नसतात. सूर्य वर आल्यावर, अंदाजे अकरा ते तीन, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा त्वचेत डी तयार होतं. खिडकीच्या काचेआडून नाही. सातला देवळात जाऊन पदर डोक्यावर घेणाऱ्या बाईला ऊन मिळतं, डी मिळत नाही. ओसरीताईंच्या आईंचा १४ त्यातलाच असणार.

आता धाकट्याच्या बाटल्या. तीन मुद्दे, बाकीचे सोडतो.

बी६ तीन बाटल्यांतलं एकत्र करून बघा. दीर्घकाळ जास्त घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आईंना कमतरतेने आणि मुलाला अतिरेकाने एकच लक्षण, एका घरात! अमेरिकेत दिवसाची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, युरोपने २०२३ मध्ये ती १२ वर आणली.

ई ४००. पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवरची सिलेक्ट नावाची चाचणी होती, प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून. २०११ चा निकाल उलटा: नुसतं ई घेणाऱ्यांत तो १७ टक्के जास्त. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीनच्या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्के वाढला. गाजरं खाणारे तब्येतीने बरे असतात, म्हणून गाजरातलं एक द्रव्य काढून बाटलीत भरलं. गाजरात आणखी काय काय असतं आणि गाजर खाणारा माणूस कसा जगतो, ते बाटलीत येत नाही.

बायोटिन. हे कुणाला माहीत नसतं म्हणून मुद्दाम. मोठ्या मात्रेचं बायोटिन रक्तातल्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवतं, थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचेसुद्धा. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. आमच्याकडे एका तरुण मुलीचा थायरॉइड रिपोर्ट वेडावाकडा आला, तिला काहीही त्रास नाही. शेवटी विचारलं, "केसांसाठी काही घेतेस का?" चार दिवस बंद करून पुन्हा केला, सरळ.


लेस्टरचा_बापू (सोमवार, पहाटे ४:२०)

इथे रात्रीचे पावणेबारा वाजलेत, पण हा धागा सोडवत नाही.

आमच्याकडे डीचा वाद सरकारनेच मिटवलाय. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन नुसतं दिसायला. एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सांगते की या महिन्यांत प्रत्येकाने रोज १० मायक्रोग्रॅमचा विचार करावा. आपल्या सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. तुमचं एक सॅशे म्हणजे इथले १५० दिवस! मात्रा ऐकून पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

पण मी आलो ते वेगळ्या गोष्टीसाठी. आमच्या स्वयंपाकघरात मार्माइटची बरणी असते. यीस्टचा काळा खारट लगदा, पावाला लावतात. बायको त्याला "डांबर" म्हणते. तर या डांबराचा परळशी संबंध आहे. लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमधे काम करायला. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या, त्याचं कारण शोधायचं होतं. तिने त्या काय खातात ते बघितलं, उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले. स्वस्त म्हणून मार्माइट चारून पाहिलं तर प्राणी सुधारले, मग बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापलं. त्यात नेमकं काय आहे हे तिलाही कळलं नव्हतं, म्हणून लोक "विल्स फॅक्टर" म्हणत. १९४१ मध्ये तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक अ‍ॅसिड म्हटलं.

रानमेथीताई, तुमच्या निळ्या गोळीतलं अर्धं परळच्या गिरणगावातून आलंय.


रानमेथी (सोमवार, सकाळी ८:०५)

अंगावर काटा आला. आज सोमवार आहे. पोरींना सांगते.


भातुकली (सोमवार, सकाळी ११:३०)

वाचतेय. वाचनखूण साठवली.

अवांतर: अळिवाचे लाडू कडू लागतात, काय चुकतं? आणि मीठ आयोडीनयुक्त, म्हणजे गोळी नको म्हणणारे पण रोज गोळी खातातच ना? :)


तिखटमीठ (सोमवार, दुपारी १२:१०)

अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, मग खोबरं-गूळ घालून मंद आचेवर आटवा. कोरडे भाजले की कडवटतात.

मिठाचं मान्य.


ओसरी (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:३०)

मंडळी, वृत्तांत देते.

आईला डॉक्टरांकडे नेलं. पित्ताची गोळी हळूहळू बंद करायला सांगितली, मेटफॉर्मिन चालू. बी१२ची इंजेक्शनं ठरली, एक दिवसाआड. पाचव्यानंतर म्हणाली, "जिना उतरताना पायरी लागते आता." मुंग्या आहेत अजून, डॉक्टर म्हणाले मज्जातंतूंना महिने लागतात.

खरा पेच पुढे आला. इंजेक्शनांनंतर कॅप्सूल. आईने ती हातात धरून उजेडात बघितली आणि विचारलं, "हे वरचं टरफल कशाचं?" जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं. संपलं! पाकिटावर हिरवा ठिपका शोधला तर औषधांवर तो छापावाच लागत नाही. तुमच्या धाग्यातल्या केमिस्टदादांना निरोप धाडला, त्यांनी टरफल नसलेली साधी गोळी सुचवली. आतलं बी१२ जिवाणूंकडून बनवतात हे ऐकून म्हणाली, "मग ताकासारखंच की."

डी३चं मी घाबरत सांगितलं. ते मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. मला वाटलं आता हेही गेलं. आई दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "धाबळी सोवळ्यात चालते. लोकरीला विटाळ नाही." आणि पाण्याबरोबर घेऊन टाकली. माझी शास्त्रीय तयारी सगळी वाया.

धाकट्याच्या नऊच्या दोन झाल्यात. ई, बायोटिन, झिंक, सी, दोन्ही बी-वाल्या आणि सॅशे बंद. २०००ची आणि माशाचं तेल सोडायला तयार नाही. डॉक्टरांनीसुद्धा "राहू दे, वर्षाने तपासू" म्हटलं. डबा नेतो आता, पण मेथी असली की अजून फ्रीजमधेच.


काउंटरपलीकडे (रविवार, दुपारी ५:००)

धाबळीचं मी दुकानात लावतो लिहून!


निनाद_के (रविवार, दुपारी ५:२०)

माझ्या सहाच्या तीन. बी६ बेरजेला ७० निघालं होतं. हाताला कधीतरी मुंग्या यायच्या, मी माउसला दोष देत होतो.


तिखटमीठ (रविवार, रात्री ८:४५)

हिने ऐकलं नाही, रक्त द्यायला लावलं. डी ठीक आहे, दुपारी शेतात असतो. बी१२ १७४.

कुणी काही बोलू नये.


उकडा_तांदूळ (रविवार, रात्री ८:४७)

काकानू, बांगडे धाडू काय?